एका चुलीवरचे दोन गंज

यवतमाळ जिल्ह्यात जाऊन भाचीला परत घेऊन यायचं, हे काम माझ्याकडे आलं ते केवळ नात्यात मी एकटाच रिकामा होतो म्हणून. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, नोकरी नुकतीच संपली होती, आणि दोन्ही वेळची आमटी स्वतःच्या हातानं करून खातो याचा मला गरजेपेक्षा जास्त अभिमान होता. गोडा मसाला, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ. यापलीकडे डाळीचं काही करता येतं, असं मला वाटत नसे.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी कुसुम. दिनकर नावाचा वऱ्हाडी मुलगा पुण्याला शेतकी शिकायला आला, आमच्या आळीत राहिला आणि जाताना कुसुमला घेऊन गेला. रीतसर, लग्न लावून. वर्ष झालं आणि पोरीची पत्रं आखूड होऊ लागली. शेवटच्या कार्डावर तर ‘मी ठीक आहे’ एवढंच होतं.

“तात्या,” अक्का मला म्हणाली, “ठीक असलेली मुलगी असं लिहीत नाही. तू जा. तिचं तिथं मन लागत नसेल तर सरळ घेऊन ये. लोक काय म्हणायचं ते म्हणतील.”

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पुणं आणि वऱ्हाड आता एकाच नकाशात बसले होते, पण राज्य एक झालं म्हणून वरण एक होत नाही, हे मला मूर्तिजापूरलाच कळलं. तिथं मोठी गाडी सोडून यवतमाळच्या छोट्या गाडीत बसलो. ही गाडी इतकी सावकाश चालते, की दोन्हीकडच्या शेतांची आपल्याशी चांगली ओळख होते. पौष महिना होता. कापूस वेचून संपत आला होता आणि तुरी उभ्या होत्या. समोरच्या बाकावर एक पागोटेवाले गृहस्थ ओल्या तुरीच्या शेंगा सोलून दाणे तोंडात टाकत होते. त्यांनी ओंजळभर माझ्यापुढे केले.

“घ्या. कोनीकडले म्हनायचे?”

“पुण्याचा.”

“अस्सं.” त्यांनी मला नीट पाहून घेतलं. “तुमच्याकडे वरनात साखर टाकतात म्हन्तात, थे खरं हाय का?”

“साखर नाही हो. गूळ. तोही थोडासा.”

“असू द्या,” ते फार समजूतदारपणे म्हणाले, “कोनाच्या घरी काय तं कोनाच्या घरी काय.” एखाद्याच्या घरी दारू पितात असं कळल्यावर माणूस जसा विषय बदलतो, तसा त्यांनी पुढे कापसाचा विषय काढला.

यवतमाळहून आर्णीपर्यंत एस.टी. होती. वाटेत कापसाच्या बैलगाड्या एवढ्या, की आमचा ड्रायव्हर भोंग्यावरून हात काढत नव्हता. आर्णीला उतरलो तेव्हा माझ्या काळ्या कोटावर पांढरे तंतू चिकटले होते. मला न्यायला दिनकरनं थावरूभाऊची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, पाठवली होती. थावरूभाऊ शेजारच्या तांड्यावरचे (बंजाऱ्यांच्या वस्तीवरचे), वयानं माझ्याएवढेच. त्यांचं शेत दिनकरच्या शेताला लागून होतं.

“आमचे पुरखे,” ते बैलांना हाकता हाकता म्हणाले, “बैलायच्या पाठीवर मीठ लादून सारा मुलूख फिरत. समुद्रापावतर जात म्हन्तात.”

“आणि तुम्ही?”

“मी एकडाव यवतमाळले गेलतो. नाई करमलं.”

कुसुमचं सासर म्हणजे रस्त्यालगतचं कौलारू घर, पुढे मोठं अंगण, अंगणात एका बाजूला मुंगवड्यांचं वाळवण. दारातच तिच्या सासूबाई उभ्या होत्या. वेणूबाई उंच, रुंद, कासोट्याचं लुगडं नेसलेल्या, आणि आवाज असा की विहिरीवरच्या माणसाला घरातून बोलवावं.

“आले का भाऊ? या. पाय धुवा. जेवा.” प्रकृतीची विचारपूस त्यांनी मी जेवायला बसल्यावर केली.

कुसुम आतून आली आणि वाकून पाया पडली. तब्येत चांगली होती. अक्काच्या मनात होती तशी ती वाळलेली वगैरे अजिबात नव्हती. पण माहेरचं माणूस बघून मुली जशा उजळतात, तशी ती उजळलीही नाही. मला ते लागलं.

चुलीवर दोन गंज होते. गंज म्हणजे आपलं पातेलं. एक मोठा, बाहेरून काळा झालेला, आणि एक लहान, घासूनपुसून लख्ख. मोठ्यातल्या वरणावर लाल तेलाचा थर तरंगत होता. त्याला तिकडे तर्री म्हणतात. लहान गंजातलं वरण पिवळंधमक आणि निरागस होतं. वेणूबाईंनी मला आणि कुसुमला लहान गंजातलं वाढलं. दिनकर, त्याचे वडील आणि स्वतः वेणूबाई मोठ्यातलं घेऊन बसले.

आता मी म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला मनुष्य, असं निदान माझं मत होतं. मला वेगळं वाढलेलं बघून माझा पुणेरी बाणा जागा झाला.

“मला पण त्यातलंच द्या,” मी म्हटलं.

“भाऊ, तिखट हाय थे.”

“असू द्या. रोज स्वतःच्या हातानं स्वयंपाक करतो मी.”

या दोन गोष्टींचा काय संबंध होता ते मला आजही सांगता येणार नाही. वेणूबाईंनी वाढलं. पहिला घास जिभेवर गेला तेव्हा चव खरोखर सुंदर लागली. घरच्या तुरीची, जात्यावर भरडलेली, चुलीवर सावकाश शिजून लोण्यासारखी घोटलेली डाळ. त्यात सालासकट ठेचलेला लसूण, जिरं, भाजलेल्या खोबऱ्याचा नि दगडफुलाचा काळा मसाला, वरून सांबार (हे तिकडचं कोथिंबिरीचं नाव). एवढं सगळं मी ओळखलं. मग मागून तिखट आलं. डोळ्यांत पाणी, कानांत घंटा, आणि लगेच उचकी लागली. ती संध्याकाळपर्यंत थांबेना. मी बोलायला तोंड उघडलं की उचकी माझ्याआधी बोले. वेणूबाईंनी मला ताक दिलं, साखर दिली, पाठीवर थापटलंही, आणि ‘पाव्हन्याचे हाल झाले बाप्पा माह्या घरी’ असं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. गावात माझी ओळख उचकीवाले मामा अशी झाली.

पुढचे दिवस मी लहान गंजाच्या आश्रयाला राहिलो. पण त्या घरात डाळीचे किती प्रकार होत, हे बघायला मात्र चुलीपाशी जाऊन बसत असे. घरात पिकतं ते पोटात, बाजारातून फक्त मीठ आणि मसाल्याचं सामान, एवढ्या भांडवलावर ही बाई रोज नवं ताट उभं करी. कधी वांग्यात ओल्या तुरीचे सोललेले दाणे, त्यांना सोले म्हणतात. कधी बेसन लावून घोटलेली पालेभाजी, कधी मुंगवड्यांचा रस्सा. एकदा गोळाभात झाला. भरड डाळीचे मसालेदार गोळे भातातच वाफवायचे आणि पानात वाढल्यावर वरून लसणाची कडकडीत फोडणी ओतायची. पुण्यात मी डाळीला आमटीपलीकडे कधी जाऊ दिलं नव्हतं. आणि प्रत्येक पदार्थाचं एक फिकं भावंड वेगळ्या लहान गंजात शिजे. कुसुमसाठी, आणि आता माझ्यासाठी.

मी मनात म्हटलं, सासू किती करते पोरीचं! अक्का उगाच घाबरली.

एके दुपारी कुसुम अंगणात शेंगा सोलत बसली होती. मीही सोलायला बसलो आणि अक्काचा निरोप सांगितला. तिचे हात थांबले.

“तात्यामामा, तुम्ही आज सांगितलं नसतं तर मीच म्हणणार होते. मी येते तुमच्याबरोबर.”

“का गं? दिनकर काही बोलतो?”

“नाही.”

“सासूबाई?”

“कुणी काही बोलत नाही. तेच तर.” तिनं शेंग जोरात मोडली. “आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आमटी केली. आपल्यासारखी, गूळ घालून. सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून माझं वरण वेगळं शिजतं आणि चुलीला हात लावू देत नाहीत. ‘तू बस, तुले धूर लागन.’ वर्ष झालं मामा, मी या घरात पाहुणी आहे. दूरच्या नात्यातली.”

“मग तिखट खायला शीक.”

“शिकलेय की! यांच्या ताटातलं चोरून खाते. आता मला ते फिकं घशाखाली उतरत नाही.”

मी हसलो, पण ती हसली नाही. मग तिनं एक अट घातली. तुरी काढायला लागण्याआधी शेताच्या बांधावरच्या मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य असतो. घरचे, शेजारचे, तांड्यावरचे लोक जेवायला येतात. त्या जेवणातलं वरण तिला करू दिलं तर ती राहील. नाही दिलं, तर माझ्याबरोबर निघेल.

“आणि तू केलंस आणि बिघडलं तर?”

“तरी निघेन. मग कुठल्या तोंडानं राहू?”

मी वेणूबाईंकडे रदबदली केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुसुमकडे.

“लोकायले जेवू घालायचं हाय भाऊ. पोरीले नाई जमलं तं माहं नाक जाईन.”

“आमचंही जाईल,” मी म्हटलं.

“बरं. करू द्या मंग. पन सांगून ठेवा, गूळ-बिळ टाकू नोको म्हना.”

नैवेद्याच्या दिवशी सकाळीच शेतात गोवऱ्यांचा ढीग पेटला. रोडगे करणं हे तिकडे पुरुषांचं काम. जाड कणकेचे तेल लावून घड्या घातलेले गोळे, चेंडूएवढे, निखाऱ्यात पुरून भाजायचे, मग झटकून, फोडून, तूप घालून वरणाशी खायचे. दिनकर आणि थावरूभाऊ राखेत हात घालून बसले होते. मला मदतीला घेतलं, आणि मी एक रोडगा निखाऱ्यात असा पुरला की तो परत सापडलाच नाही.

पलीकडे तीन दगडांच्या चुलीवर कुसुम वरण करत होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम. नैवेद्य दाखवेपर्यंत ते चाखायचं नाही, असा नेम. मीठ डोळ्यानं पाहायचं आणि तिखट नाकानं. मी दोन वेळा म्हणालो, “अगं, जरा कमी तिखट,” आणि दोन्ही वेळा तिनं मला रोडग्यांकडे हाकललं. डाळ घोटली, फोडणी दिली, त्या वासानं थावरूभाऊंनी मान वळवून बघितलं. मग मोठा गंज झाकून ती वांगी बघायला गेली. वेणूबाई पत्रावळी मोजत चुलीच्या आसपासच होत्या.

मारुतीला नैवेद्य दाखवला. पंगत बसली. घरचे, तांड्यावरचे, शेजारचे. कुसुमनं स्वतः प्रत्येकाच्या रोडग्यावर वरण ओतलं.

पहिला घास सगळ्यांनी एकदम घेतला. दिनकरचे वडील, जे माझ्यासमोर आजवर ‘हूं’ पलीकडे बोलले नव्हते, चावता चावता थांबले. कुणी कुणाकडे पाहीना. शेवटी थावरूभाऊ म्हणाले, “सूनबाई, वरनात गूळ पडला का?”

पंगतीत हसू पसरलं. माझ्या तोंडात वरण होतं आणि थावरूभाऊ खरं बोलत होते. ते झणझणीत होतं आणि त्याखाली चांगलंच गोड होतं. मी कुसुमकडे पाहिलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“मी नाही घातला,” ती म्हणाली. “खरंच नाही. मामा, तुम्ही?”

“देवाशपथ नाही!” माझा आवाज अपराध्यासारखा निघाला. कुणाचाच विश्वास बसला नाही. कुसुमनं वरणाचं ओगराळं खाली ठेवलं. आता ही घरी जाऊन ट्रंक भरणार, आणि अक्काला मी काय सांगणार, हे माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं.

“गूळ म्या टाकला,” वेणूबाई म्हणाल्या.

त्या रोडगे वाढत होत्या आणि तशाच वाढत राहिल्या. “भाऊले सोसत नाई. पाव्हना मानूस, देवाच्या दारी उपाशी उठन का? म्हनून टाकला मूठभर.”

एका पाहुण्यासाठी सगळ्या पंगतीचं वरण गोड करणारी बाई मी पुण्यात पाहिली नाही, आणि पुढेही पाहणार नाही. मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुसुम कडाडली.

“माह्या वरनात तुम्ही हात कायले घातला?”

दिनकरनं मान पत्रावळीत घातली. वर्षभर ‘हो आत्याबाई, नाही आत्याबाई’ करणारी पुण्याची सून, आणि तिच्या तोंडात हे वऱ्हाडी! ते तिला तरी कळलं होतं की नाही कोण जाणे.

“पाव्हन्याले उपाशी ठेवू काय मी?” वेणूबाईही सरसावल्या.

“पाव्हने माहे हायेत! माहे मामा हायेत! मी पाह्यलं असतं त्याईचं! अन् वर्षभर मले फिकं खाऊ घातलं, म्या मांगतलं होतं का?”

“मंग सांगतलं काहून नाई?”

“तुम्ही इचारलं काहून नाई?”

“तुले तिखट सोसत नाई म्हनून रोज दोन-दोन गंज घासून राह्यली मी! हात झिजले माहे!”

“मले धूर लागन म्हन्ता, अन् तुमाले नाई लागत का? द्या तो रोडग्याचा टोपला इकडे!”

कुसुमनं टोपला हिसकावला. वेणूबाईंनी सोडला नाही. टोपला मधे, दोघी दोन्हीकडे, आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी. मी उठू लागलो तसा थावरूभाऊंनी माझा कोट धरून मला खाली बसवलं.

“बसा. चांगलं चालून राह्यलं.”

मग वेणूबाईंनीच हात सोडला. पदरानं नाक पुसलं, पुन्हा पुसलं. “लय बोल्ते बाप्पा,” त्या पंगतीकडे वळून म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जे होतं त्याला मी अभिमान म्हणेन. “माह्यापेक्षा बोल्ते.”

“वाढा आता कोनी तरी,” थावरूभाऊ म्हणाले. “रोडगे थंडे होऊन राह्यले.”

कुसुमनं लगेच कढईत तेल तापवलं, लसूण आणि तिखट टाकलं आणि ती फोडणी सबंध गंजावर ओतली. धूर झाला, सगळे खोकले. वेणूबाई शेजारी उभ्या राहून ‘आनिक टाक, आनिक टाक’ म्हणत होत्या. त्या गोड-तिखट वरणाला नाव काय द्यावं कळेना, पण दिनकरच्या वडिलांनी न बोलता पान दुसऱ्यांदा पुढे केलं. मला पुन्हा उचकी लागली. या वेळी कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चुलीवर एकच गंज होता. मोठा. मी आशेनं इकडे-तिकडे पाहिलं.

“तात्यामामा, सवय करा,” कुसुम फुंकणीनं चूल पेटवत म्हणाली. वेणूबाई ओट्यावर बसून पाटा धुवायचा कसा ते तिला सांगत होत्या, आणि ती त्यांना ‘मला येतं’ म्हणून सांगत होती. दोघींचे आवाज अंगणापर्यंत ऐकू येत होते. मी माझ्या निघण्याचं बोललो, तेव्हा कुसुमनं डाळ, मुंगवड्या आणि काळा मसाला बांधून दिला. स्वतःचं काही बांधलं नाही. मीही विचारलं नाही.

परतीच्या गाडीत शेतं तीच होती, तुरी मात्र ठिकठिकाणी कापून झाल्या होत्या. मी विचार करत होतो. परक्याचं आपण जपून करतो, त्याला सोसेल तेच वाढतो, त्याच्यापुढे आवाज चढवत नाही. हे सगळं चांगलंच आहे. पण याच चांगुलपणात एखादं माणूस वर्षभर उंबऱ्यावर उभं राहू शकतं, हे मला साठीला आल्यावर समजलं.

पुण्यात अक्काच्या घरापुढे टांग्यातून उतरलो तेव्हा ती दारातच होती. तिनं माझ्या मागं पाहिलं. टांग्यात कुणी नव्हतं. आत स्वयंपाकघरात तिनं तीन पाट मांडले होते आणि कुसुमच्या आवडीची गुळाची आमटी केली होती.

“रडली का रे ती?” अक्कानं विचारलं.

“थोडी. पण जास्त भांडली.”

“कुणाशी? दिनकरशी?”

“सासूशी. भर पंगतीत. वरणात हात घातला म्हणून.”

अक्का आत गेली, तिसरा पाट उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

“चल, जेवून घे,” ती म्हणाली. “पोरगी घरी आहे.”